शेवटचा वाक आधी

कासेगावच्या अलीकडं, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून पत्र्याचं एक शेड आहे. पाटीवर नाव मल्हारचं आहे, पण कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतचे गॅरेजवाले गाडी पाठवताना म्हणतात, "मंगलवहिनींच्या पट्टीखाली घाला. नंतर रडू नका."

ती पट्टी म्हणजे अॅल्युमिनियमची माणसाएवढी लांब दांडी. तिला दोन टोकदार पाय, पुढंमागं सरकणारे. गाडी ठेपांवर समपातळीत उभी करायची, खालच्या चौकटीच्या भोकांत पट्टीचे पाय टेकवायचे आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायचं. डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं दोन्ही मापं सारखी आली की गाडी सरळ. फरक आला तर वरून कितीही चकाचक असली तरी ती लंगडी. मंगल साडीवर मल्हारचा जुना शर्ट चढवून गाडीखाली सरकते, मापं घेते आणि फरशीवर खडूनं लिहिते. मल्हार साखळी लावून पंपाच्या जोरावर ओढतो. किती ओढायचं ते ती सांगते. "अजून. अजून. बास. सोड." नवरा-बायकोत दिवसभरात एवढंच बोलणं होतं, आणि त्यातच त्यांचा संसार बरा चाललाय.

हे ती कुठल्या शाळेत शिकली नाही. तिचा बाप अर्जुना कवठे महांकाळकडचा धनगर. दोनशे मेंढरं होती त्याची. सकाळी जाळीच्या वाघरीतनं मेंढरं बाहेर पडायची, तेव्हा लहानगी मंगल बापाच्या शेजारी बसून बघायची. अर्जुना आकडे मोजत नसे, तोंडं मोजत असे. "ती बघ, कालच्याला डाव्या पायावर जरा कमी भार देत हुती. आज बरी हाय." दोनशे तोंडं, दोनशे चाली, सगळी त्याच्या डोळ्यांत. एक राहिलं तरी कळायचं. मंगलच्या डोळ्याला तेच वळण लागलं. पुढं लग्न होऊन या शेडमध्ये आल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं दारातून जाणाऱ्या जीपकडं बघून मल्हारला सांगितलं होतं, "आवं, ती गाडी तिरकी पळतीया." मल्हार हसला होता. मग जीप अडवून त्यानं माप घेतलं आणि हसायचा थांबला.

कामाचा नियम मल्हारनं तिला शिकवला. धडक जशी लागत गेली, त्याच्या उलट्या क्रमानं ओढायचं. शेवटी जे वाकलं ते आधी काढायचं, आधी जे वाकलं ते शेवटी. घाई करून कुणी एकदम मुळालाच साखळी लावली, तर लोखंड फाटतं.

मंगलनं हा नियम फार लवकर उचलला. थांबायची सवय तिला आधीपासून होती. अकरा वर्षं ती एका गाडीसाठी थांबली होती.

ती गाडी एका मंगळवारी सकाळी अकराला क्रेनच्या पाठीवर बसून आली.

ठेंगणी, दोन माणसांची, बाहेरदेशी बनावटीची गाडी. रंग गडद निळा. डावं तोंड आत गेलेलं, चाक मडगार्डात घुसलेलं. मागून दुसऱ्या गाडीतून एक तिशीपुढचा गडी उतरला. एक हात गळ्यात बांधलेला, डोळ्यांवर काळा चष्मा.

"नमस्कार. वीरधवल. उसाच्या ट्रॉलीला मागून बसली, वहिनी. ट्रॉलीला ना लाइट ना लाल फडकं. पुण्यात म्हणाले चौकट गेली, भंगारात द्या. पण माझा जीव आहे या गाडीवर. कॉलेजपासूनची आहे."

मंगलनं त्याच्याकडं बघितलं. चष्मा होता, दाढी होती, पोट सुटलं होतं. पण तोल एका बाजूला टाकून उभं राहायची लकब तीच होती. पालीच्या खंडोबाच्या देवळात खांबाला टेकून हा असाच उभा होता, मोबाइलमध्ये बोट फिरवत.

"कॉलेजपासून हाच रंग हाय?" तिनं विचारलं.

"नाही, आधी लाल होती."

"ठेवून जावा," ती म्हणाली. "बघते मी."

तो गेल्यावर मल्हारनं तिच्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं?"

"त्योच हाय."

मल्हारला पुढं काही विचारावं लागलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षीच तिनं त्याला सगळं सांगितलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी अर्जुनाचा कळप कृष्णाकाठच्या उसाच्या रानांकडं निघाला होता. पलूसच्या अलीकडं, उजाडता उजाडता, ओढ्यावरच्या मोरीवरनं मेंढरं चालली होती. समोरून एक लाल ठेंगणी गाडी आली आणि कळपात घुसली. एकोणीस मेंढ्या गेल्या, त्यातल्या अकरा गाभण. राखणीचा कुत्रा गेला. गाडी डाव्या अंगानं मोरीच्या पिवळ्या कठड्यावर आदळली, मागं सरली आणि निघून गेली. अर्जुनानं चालवणाऱ्याचं तोंड बघितलं होतं, आणि ते ओळखीचं होतं; त्या घरच्या रानात त्यानं मेंढरं बसवली होती. त्यानं चौकीत जाऊन सांगितलं, "तांबडी गाडी, डावं अंग मोरीला घासलं, पोरगं अमक्या गावच्या सुभेदारांचं."

सुभेदार लालासाहेब. फौजेत जन्म काढलेला, कऱ्हाडकडच्या उसाच्या गावातला मोठा माणूस. तो स्वतः चालत अर्जुनाच्या पालापर्यंत आला होता. दमदाटी नाही, शिवी नाही. "अर्जुना, माझं पोरगं तवा कोल्हापुरात हुतं. गाडी बी तितंच हुती. तुझं नुकसान झालंय ते खरं, पर करणारा दुसरा कुनीतरी हाय. पालीला चल. खंडोबाम्होरं भंडारा उचलतो."

आणि उचलला. मूठभर हळद तळहातावर घेऊन लालासाहेब देवापुढं बोलला, "माझ्या पोराच्या गाडीनं ह्याची मेंढरं मारली असतील, तर माझ्या घरावर उलटू दे." नंतर बाहेर गाडीही दाखवली. डावं अंग गुळगुळीत, लालभडक. अर्जुनानं त्यावरून हात फिरवला, एक ओरखडा नव्हता. त्यानं लालासाहेबाचे पाय धरले आणि तक्रार मागं घेतली.

"आबा, गाडी सारखी करून आणलीया!" एकोणीस वर्षांची मंगल बापाच्या कानाशी ओरडली होती.

"गप. भंडारा उचलून मानूस खोटं बोलत न्हाई. माझंच डोळं चुकलं."

मेंढरं मेली त्याचं दुःख धनगर गिळतो. लांडगा असतो, रोगराई असते. पण त्या दिवसापासून अर्जुनाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. सकाळी वाघरीपाशी बसायचा आणि म्हणायचा, "मंगल, तूच मोज गं. मला वळखू येईना." गावात पोरं चिडवायची, "आला बघा खोट्या नजरंचा." दोन वर्षांत त्यानं कळप विकला. आता मंगल माहेरी गेली तरी दारातल्या बापाचा पहिला प्रश्न एकच, "कोन? मंगलच न्हवं तू?" डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, नजर चांगली आहे.

त्यामुळं मंगल देवाला जायची तेव्हा मागणं एकच असायचं. बरं कर असं ती कधी म्हणाली नाही. "एकदा माझ्या हातात दे," एवढंच.

आता दिलं होतं.

पहिले तीन दिवस तिनं ट्रॉलीचा वाक काढला. नियमानं, शेवटचा आधी. मल्हारनं साखळी लावली, तिनं दुमडीच्या कडेनं हातोडीनं हलकेच ठोकत लोखंडाचा ताण मोकळा केला, पुन्हा मापलं. ट्रॉलीनं केलेलं सगळं निघालं, तरी तिरक्या मापात नऊ मिलिमीटरचा फरक राहिला.

"ह्याच्या खाली अजून एक वाक हाय," मल्हार म्हणाला. "जुना."

मंगलनं डाव्या बाजूच्या चौकटीवरचा निळा रंग खरवडला. निळ्याखाली लाल, लालखाली लांबीचा लेप, आणि लेपाखाली घाईघाईनं वेल्डिंगचा डाग मारलेलं लोखंडाचं एक ठिगळ. तिनं ठिगळ कापून उचकटलं. आत चौकटीला हातभर लांब घडी पडलेली होती. घडीच्या खोबणीत, कुणी पुसायचीही तसदी न घेतलेला, पिवळा रंग.

ती तिथंच, गाडीखाली, पाठीवर पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं पलूसकडं गेली. सोबत फक्त टेप. मोरी होती, कठडा होता, कोपऱ्यातला टवका अजून तसाच होता. आपल्याकडं असलं काही कोण दुरुस्त करतंय? तिनं टवक्याची उंची मापली. त्रेचाळीस सेंटिमीटर. रस्ता मध्यंतरी एकदा नव्यानं डांबरला होता. कडेला थर दिसत होता, तीन सेंटिमीटर. म्हणजे तेव्हाची उंची सेहेचाळीस. गाडीच्या घडीची उंचीही सेहेचाळीसच. बैलगाडीवाला एक म्हातारा थांबून म्हणाला, "काय मापताय बाई? नवा पूल हुतोय का काय?"

"जुनाच मापतीया, बाबा," ती म्हणाली.

परत आल्यावर तिनं घडीचा तुकडा कापून काढला आणि धुडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. त्या जागी मल्हारनं नवा तुकडा जोडला. पुन्हा साखळी, पुन्हा माप. नऊचे सात झाले, सातचे चार झाले.

"अजून एक ओढ," मल्हार म्हणाला.

"ऱ्हाऊ दे."

मल्हारनं पंपाचा दांडा सोडला नाही. "किती ऱ्हायलंय?"

"चार."

"काढ की मग."

"न्हाई."

"मंगल, ही काय मालवाहू टेंपो न्हाई. हा गडी दीडशेनं पळवणार. जोरात ब्रेक मारला की डावीकडं झेप घील."

"मला म्हाईत हाय."

"मानूस मरंल!"

"अकरा गाभण हुत्या, मालक. आनी माझा बाप हाय, त्यो रोज मला 'कोन' म्हनून इचारतो." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मल्हारला भीती वाटली. "वर रंग मारला की कुनाला दिसनार हाय? त्यानं न्हाई का झाकलं?"

मल्हारनं दांडा खाली ठेवला. "पट्टी तुझी हाय. मग दांडा बी तूच धर. माझ्या हातनं चार मिलिमीटर ठिवून गाडी जानार न्हाई." आणि बाहेर जाऊन तो टायरवर बसला.

दोन दिवस गाडी तशीच साखळीत उभी राहिली. मंगल भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना मनातल्या मनात ते चार मिलिमीटर चघळत होती. कुठल्या वळणावर, कुठल्या झाडापाशी, हेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांत एवढी शांत झोप तिला लागली नव्हती, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीरधवल आला. हात गळ्यातून सुटला होता, स्वारी खुशीत होती.

"वहिनी, रविवारी मिळेल ना? इथनंच थेट पालीला जायचंय. आमच्या आबांचं मागणं आहे, कामातून आलेली गाडी आधी देवापुढं न्यायची. शेजारी त्यांनाच बसवणार."

"डावीकडं?" मंगलनं विचारलं.

"मग काय उजवीकडं?" तो हसला. "त्यांना कशाला, दहा किलोमीटर गेले की झोप लागते. आबांचं एक बरं आहे, मी सांगेन ते खरं मानतात. गाडी ट्रॉलीला घातली हेसुद्धा त्यांना माहीत नाही. सर्व्हिसिंगला दिलीय म्हणालोय. आधीपासूनच असे. कॉलेजात असताना तर..." तो थांबला, मोबाइल बघू लागला. "जाऊ द्या. फौजी माणूस, सरळ एकदम."

तो गेला. मंगल गाडीच्या डाव्या दारापाशी उभी राहिली आणि आतल्या रिकाम्या सीटकडं बघत राहिली.

म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊकच नव्हतं. लेकानं सांगितलं, त्यानं मानलं आणि देवापुढं मूठ भरली. अकरा वर्षं ती दोघांना एकाच तराजूत घालत होती. भंडारा या पोरानं उचलला होता, फक्त हात बापाचा वापरला होता. एका खोट्यानं दोन म्हातारे बुडवले होते, आणि त्यातल्या एकाला तर आपण बुडालोय हेही माहीत नव्हतं.

तिला वीरधवलची दया आली नाही. उलट राग आता नेमका झाला. चार मिलिमीटरला काय कळणार, डावीकडं कोण बसलंय?

"आवं," तिनं बाहेर हाक मारली. "दांडा धरा. काढायचंय."

मल्हार धावतच आला. त्यानं ओढलं, तिनं मापलं. तीन. दीड. थोडं जास्त ओढून सोडलं, लोखंड आपसूक मागं आलं. दोन्ही तिरकी मापं एक झाली. तिनं तीनदा तपासलं, खडूनं शून्य काढलं आणि म्हणाली, "रविवारी माझ्या आबांना घेऊन या. मोटारसायकल न्या. आनी येताना बाजारातनं भंडारा आना."

रविवारी सकाळी दहाला लालासाहेब आला. ऐंशीच्या घरातला, पांढरं धोतर, ताठ पाठ. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "एकदम परेडला उभी केल्यागत केलीया की! शाब्बास, पोरी."

बाकड्यावरून अर्जुना उठला. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना बघितलं. लालासाहेबानं आधी ओळखलं.

"अर्जुना? तू हितं कसा रं?"

"लेक हाय माझी," अर्जुना पुटपुटला आणि खाली बघू लागला, जणू चूक त्याचीच होती.

वीरधवलनं चष्मा काढला. मंगलकडं बघितलं, अर्जुनाकडं बघितलं. मग त्याच्या तोंडावर जे आलं ते मंगलनं नीट, सावकाश बघून घेतलं. अकरा वर्षांचं व्याज म्हणा हवं तर. तिनं ते घाई न करता घेतलं.

"सुभेदार," ती म्हणाली, "गाडी सरळ केलीया. शून्य फरक हाय. पर तिच्यात हे सापडलं." तिनं स्टुलावर पितळी ताट ठेवलं. ताटात एका बाजूला भंडारा आणि दुसऱ्या बाजूला कापलेला लोखंडाचा तुकडा. "आबा, हात लावून बघा. तवा वरनं हात लावला हुता. ह्यो आतला हाय."

अर्जुनानं घडीवरून अंगठा फिरवला. पिवळ्यापाशी अंगठा थांबला.

"मोरी," तो म्हणाला. एवढंच.

"उंची मापून आलीया मी," मंगल म्हणाली. "सेहेचाळीस. तितंबी आनी हितंबी."

लालासाहेब तुकड्याकडं बघत राहिला. लाल रंगाकडं, पिवळ्या रंगाकडं. मग लेकाकडं वळला. "गाडी कोल्हापुरात हुती म्हनला हुतास."

"आबा, अहो, जुनी गाडी आहे, कुठंतरी लागलं असेल. हे लोक काहीही..." वीरधवल हसायला गेला. "बरं, भंडाराच ठेवलाय ना? उचलतो की मी. त्यात काय एवढं!"

आणि त्यानं ताटाकडं हात नेला, चहाचा कप उचलावा तसा.

लालासाहेबानं त्याचं मनगट धरलं. ऐंशी वर्षांची बोटं, पण हात जागच्या जागी थांबला.

"'त्यात काय' म्हनलास," म्हातारा हळू बोलला. "कळलं मला. सोड. पुन्हा न्हाई."

हायवेवरनं एक कंटेनर गेला आणि पत्रे थरथरले. लालासाहेब अर्जुनासमोर जाऊन उभा राहिला, टाचा जुळवून.

"तू त्या दिशी काय बघितलंस, ते मला सांग. चौकीत सांगितलंस तसं."

अर्जुना घुटमळला. मंगलनं पुढं होऊन काही सांगितलं नाही. हे त्याचं त्यानंच काढायचं होतं.

"तांबडी गाडी," अर्जुना म्हणाला.

"व्हय."

"डावं अंग मोरीला बसलं."

"व्हय."

"चालवनारा..." अर्जुनानं मान वर केली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बोट उगारलं. "ह्यो हुता."

"व्हय. ह्योच हुता." लालासाहेबाची पाठ वाकली नाही. "तुझं डोळं चुकलं न्हवतं, अर्जुना. माझा हात चुकला. पालीला चल. जितं उचलला, तितंच समद्यांम्होरं सांगतो. मग तू म्हनशील ती सजा."

"आबा, बसा ना गाडीत," वीरधवल मागून म्हणाला. "मी नेतो दोघांना. दाराशी तमाशा नको."

लालासाहेबानं वळूनही बघितलं नाही. "कासेगावच्या स्टँडवर एसटी मिळंल का रं?"

"मिळंल की," अर्जुना म्हणाला. "कऱ्हाडला उतरायचं, तितनं दुसरी."

दोघं सर्व्हिस रोडनं निघाले. चार पावलांवर अर्जुना थांबला, मागं वळून हाक मारली, "मंगल, सांजच्याला भाकरीला येतो गं!" कोण म्हणून विचारलं नाही. तिनं हात हलवला.

वीरधवल क्षणभर तिच्यापुढं उभा राहिला. "वहिनी, झालं का तुमच्या मनासारखं? घर मोडलंत माझं."

"म्या मोडलं न्हाई," मंगल म्हणाली. "म्या फक्त वरचं ठिगळ काढलं. आनी ऐका, गाडी बिनघोर पळवा. तिच्यात काय सुदीक ठेवलं न्हाई. ठेवनार हुते."

त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि गाडीत जाऊन बसला.

मल्हार शेडच्या तोंडाशी आला. दोघं नवरा-बायको बघत उभे राहिले. पुढं दोन म्हातारे चालत होते, एक ताठ, एक जरा वाकलेला. मागून दीडशेच्या वेगाची ती निळी गाडी पावलापावलानं सरकत होती. काच खाली करून वीरधवल हाका मारत होता, "आबा! आबा, ऐका तरी!" म्हातारे थांबत नव्हते. येणारे-जाणारे वळून बघत होते. गावच्या हद्दीत शिरले तेव्हा चहाच्या टपरीवरचे चारजण उठून रस्त्यावर आले.

मंगल म्हाताऱ्यांकडं बघत नव्हती. सवयीनं तिची नजर गाडीच्या चाकांवर होती. डावीकडं ओढ नाही, उजवीकडं नाही. गाडी एका सुतात चालली होती आणि तिची डावी सीट रिकामी होती.

"बघा," ती मल्हारला म्हणाली, "कशी सरळ चाललीया."